उजव्या पायाखालची पट्टी

(या भागाचं शब्दांकन. बोललेलं जवळपास तसंच ठेवलंय, फक्त माझे 'म्हणजे' आणि 'काय म्हणतात ते' थोडे कमी केलेत.)

मागून घर्र घर्र आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. आमचं घर कोल्हापुरात, उद्यमनगरच्या कडेला आहे आणि इथं कुणाचा ना कुणाचा लेथ रविवारीही चालू असतो. खिडकी लावली तर उकाड्यानं मरेन, त्यामुळं लेथसकट ऐका.

मागच्या भागानंतर एकच प्रश्न सगळ्यात जास्त आला. 'दादा, ट्रॅकच्या गाडीचे पार्ट घरी बनवता येतात का?' येतात. मी बनवलेत. रिअरसेटच्या दोन जोड्या बनवल्या, त्यातली एक तुटली. न तुटलेल्या जोडीचे फोटो मी सगळीकडं टाकलेत, तुम्ही लाईकही केलेत. तुटलेल्या जोडीबद्दल आजवर कुठंच बोललो नव्हतो. आज बोलतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. रिअरसेट म्हणजे पाय ठेवायची जागा. फूटपेग, उजवीकडं मागच्या ब्रेकचा पेडल, डावीकडं गिअरचा लिव्हर, आणि हे सगळं ज्या पट्टीवर बसतं ती पट्टी फ्रेमला बोल्टनं जोडलेली. कंपनीचा फूटपेग रस्त्यावर बसायला बरा असतो. ट्रॅकवर गाडी झोपवली की तो रस्त्याला घासतो, पाय उडतो. म्हणून तो वर आणि मागं न्यायचा. माझ्या गाडीला मी २५ मिलिमीटर वर आणि ३० मिलिमीटर मागं नेला. एवढ्यासाठी बाहेरून येणारा रेडीमेड सेट बघितला तर तेव्हाच्या माझ्या पगारापेक्षा महाग. आणि गाडी कसली, तर पडलेली, प्लास्टिक फुटलेली, सेकंडहँड आर१५, व्हर्जन टू. पण तिची फ्रेम सरळ होती. पप्पांनी दोरा लावून तपासली आणि म्हणाले, "एवढंच चांगलं हाय हिच्यात."

पप्पा टर्नर. एकतीस वर्षं लेथवर. तुम्हाला वाटेल, मग काय, घरातच विद्यापीठ. पण मी त्यांना काहीच विचारलं नाही. युट्यूब बघून शिकलो. का विचारलं नाही? कारण विचारलं असतं तर ते 'नको' म्हणाले असते. त्यांना ट्रॅक आवडत नाही. 'गोल गोल फिरून परत तिथंच यायचं, त्याला पेट्रोल कशाला घालायचं' हे त्यांचं मत, आणि अजून तेच आहे.

तर पहिला सेट. भंगारवाल्याकडून किलोवर ॲल्युमिनियमची १० मिलिमीटर जाड पट्टी आणली. आता ॲल्युमिनियम म्हणजे एकच धातू नाही, हे मला माहीत होतं आणि तरी मी दुर्लक्ष केलं. भांड्याचं वेगळं, खिडकीच्या सेक्शनचं वेगळं, आणि मशिनच्या पार्टला लागतं ते वेगळं, उदाहरणार्थ ६०६१. त्यात मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असतं, आणि पुढं 'टी६' लिहिलेलं असेल तर ते ठरावीक तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा मुरवून कडक केलेलं असतं. हाताला, डोळ्याला सगळं सारखंच, पांढरं आणि हलकं. माझी पट्टी कोणत्या जातीची होती ते मला आजही सांगता येणार नाही. भंगारवाला म्हणाला, "विमानाचं आहे." आता विमानाचं भंगार कोल्हापुरात कुठून येणार, हा प्रश्न तेव्हा डोक्यात आला नाही. खरं तर आला होता.

पुठ्ठ्याचा नमुना केला, तो प्लायवर उतरवला, प्लाय गाडीला लावून बघितला, मग पट्टीवर आखणी. ही पद्धत मात्र बरोबर आहे, आजही तशीच करतो. हॅकसॉनं कापलं, कानशीनं घासलं. इथं एक गोष्ट सांगतो, ती लिहून ठेवा. ॲल्युमिनियम कधीही बेंच ग्राइंडरच्या दगडावर घासायचं नाही. मऊ धातू दगडाच्या छिद्रांत भरून बसतो, दगड तापतो आणि फुटू शकतो. कानसच वापरायची, आणि कानशीच्या दातांना आधी खडू चोळायचा, शाळेतला साधा खडू. म्हणजे कीस दातात अडकत नाही. नाहीतर अडकलेला तो एक कण पुढच्या प्रत्येक घासणीला खोल ओरखडा काढतो. हे मला नंतर कळलं. माझ्या पहिल्या पट्टीवर असे ओरखडे भरपूर होते. मला ते 'हँडमेड लूक' वाटले.

आणि खरी चूक आकारात होती. मला पट्टी दिसायला कंपनीच्या पार्टसारखी धारदार हवी होती. फूटपेगच्या वर एक खाच घेतली, वजन कमी करायला, आणि तिचा आतला कोपरा चांगला काटकोनात काढला. दोन हॅकसॉ कट एकमेकांना जिथं भेटतात तिथं एक कट मिलिमीटरभर पुढं गेला होता. छोटीशी चीर. मी ती काळ्या पेंटखाली झाकली.

दोन महिने वापरली. काही झालं नाही. फोटो टाकले. 'नाद खुळा' म्हणून कमेंट आल्या.

मग आम्ही कोइमतूरला गेलो. करी मोटर स्पीडवे. २.१ किलोमीटरचा ट्रॅक आहे, २००३ सालचा. एस. करिवर्धन यांच्या नावानं. त्यांच्याबद्दल वेगळा भाग करायचाय, कारण मारुती ८०० चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती ही रेसिंग कार आपल्याकडं बनवणारा माणूस तो. आपल्यापासून हजारेक किलोमीटर. टेम्पोत दोन गाड्या, चार जण, बेळगाव, हुबळी, बेंगळुरू करत. माझा मावसभाऊ पण आला होता. त्याचं नाव सांगत नाही, त्यानंच नको म्हटलंय. तेव्हा तो पोलीस भरतीची तयारी करत होता. रोज पहाटे साडेचारला उठून शिवाजी विद्यापीठाच्या रस्त्यावर पळायचा. सोळाशे मीटर, शंभर मीटर, गोळाफेक. लेखीचं त्याला टेन्शन नव्हतं, पळण्यात तर तो हरणासारखा. गाडी पण छान चालवतो, माझ्यापेक्षा छान.

तिसऱ्या सेशनला मी म्हटलं, "तू मार की पाच फेऱ्या." तो नको म्हणत होता. बूट माझे होते, त्याला एक नंबर मोठे. मी म्हटलं, "बस रे, हळू चालव." हे सगळं मी बोललो.

चौथ्या फेरीत, एका वळणातून बाहेर पडताना तो कर्बवरून गेला. कर्ब म्हणजे ट्रॅकच्या कडेची ती लाल-पांढरी, खडबडीत पट्टी. तिच्यावरून सगळेच जातात. उजवा फूटपेग खाली गेला. पट्टी मधोमध तुटली. पाय सरळ डांबरावर, बूट ढिला, पाय मागं ओढला गेला आणि पिळला. गाडी घसरत गवतात गेली. वेग फार नव्हता, बाकी अंगाला खरचटलंही नाही. घोटा गेला. दोन स्क्रू बसले. डॉक्टर म्हणाले, दहा-बारा आठवडे. मैदानी चाचणी सहा आठवड्यांवर होती.

(थोडा थांबलो होतो इथं. रेकॉर्डिंगमध्ये लेथच ऐकू येतो.)

परत येताना टेम्पोत कुणी काही बोललं नाही. तो मागच्या सीटवर पाय उशीवर ठेवून झोपलेला. हुबळीच्या आसपास जागा झाला आणि म्हणाला, "दादा, आईला सांग मी पडलो. पार्ट तुटला असं सांगू नकोस." मी मावशीला खरं सांगितलं. ते सांगायला मला तीन दिवस लागले, हेही खरंय. मावशी काही ओरडली नाही. फक्त "बरं" म्हणाली. माझ्याशी ती अजूनही पहिल्यासारखी बोलत नाही.

पप्पांनी ते दोन तुकडे मागून घेतले. रात्री जेवणानंतर टेबलावर कागद पसरला, टूलची धार बघायचं त्यांचं भिंग काढलं आणि मला बोलावलं. मला वाटलं आता बसणार. ते म्हणाले, "इकडं बघ. काय दिसतंय?"

तुटलेल्या तोंडाचे दोन भाग होते. एक भाग गुळगुळीत, थोडा काळपट, त्यावर बारीक बारीक रेघा, समुद्र ओसरल्यावर वाळूवर राहतात तशा. दुसरा भाग खरखरीत, चमकणारा, साखरेच्या दाण्यासारखा. गुळगुळीत भाग जवळजवळ निम्मा होता. आणि त्या सगळ्या रेघा एकाच ठिकाणाहून सुरू होत होत्या. माझ्या त्या काटकोनातल्या कोपऱ्यातून, हॅकसॉच्या चिरीतून.

"हे कोइमतूरला नाही तुटलं," पप्पा म्हणाले. "हे दोन महिने तुटत हुतं. तिथं फकस्त संपलं."

याला फटीग म्हणतात. धातूवर त्याच्या ताकदीपेक्षा खूप कमी भार असला तरी तो हजारो वेळा येत-जात राहिला, की एखाद्या कमजोर जागी बारीक तडा सुरू होतो. प्रत्येक धक्क्याला तो थोडा थोडा पुढं सरकतो. उरलेला भाग भार पेलेनासा झाला की एका झटक्यात तुटतो. खरखरीत भाग तो शेवटचा झटका. आणि आतला धारदार कोपरा असेल तर सगळा ताण तिथं गोळा होतो. फडकं फाडायच्या आधी आपण कडेला कात्रीनं छोटी चीर देतो ना, तसं. मीच चीर देऊन ठेवली होती.

स्टीलमध्ये एक सोय असते. भार ठरावीक मर्यादेच्या खाली ठेवला तर साधं स्टील जवळजवळ कितीही वेळा तो सोसतं. ॲल्युमिनियमला अशी पक्की मर्यादा नाही. कमी भारानं वेळ लागेल, पण मोजणी चालूच राहते. म्हणून ट्रॅकच्या गाडीवरचा ॲल्युमिनियमचा पार्ट कायमचा नसतो, कंपनीचा असो की घरचा. हे मला कुठल्या व्हिडिओनं सांगितलं नव्हतं. कदाचित सांगितलंही असेल, आणि मी पुढं ढकलून ग्राइंडिंगवर गेलो असेन.

दुसरा सेट पप्पांबरोबर केला. 'बरोबर' म्हणजे ते खुर्चीवर, मी व्हाइसवर. ६०६१-टी६ ची नवीन प्लेट, बिलावर ग्रेड लिहिलेली, मटेरियलच्या टेस्ट सर्टिफिकेटसकट. भंगाराच्या पाचपट पैसे गेले. आतल्या प्रत्येक कोपऱ्याला आधी १२ मिलिमीटरचं भोक, म्हणजे ६ ची गोलाई आपोआप येते, आणि कट त्या भोकाला येऊन संपतो. चीर पुढं जायचा प्रश्नच नाही. वजन कमी करायच्या खाचा पप्पांनी निम्म्या रद्द केल्या. "किती ग्रॅम वाचलं?" म्हणाले. मी हिशोब केला, ४० ग्रॅम. "सकाळी एक वडा कमी खा."

टॅपिंगला एम८ चे आटे पाडायचे, तर भोक ६.८ चं. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं, कीस तोडत तोडत. रॉकेल घातलं की ॲल्युमिनियम छान कापतं, पण आता रॉकेल मिळतंय कुठं, तर गंज काढायचा स्प्रे चालतो. मी पहिल्या दिवशी घाईत एक टॅप आत मोडला. प्लेट वाया. पप्पा घरात गेले, चहा घेऊन आले, बोलले काहीच नाहीत. नवीन प्लेट.

शेवटचं घासणं हा सगळ्यात कंटाळवाणा भाग, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. पट्टीवर ताण ज्या दिशेनं येतो, त्या दिशेला, म्हणजे लांबीत, कानस आडवी धरून ओढायची. मग २२० चा एमरी पेपर, मग ४००, सगळं लांबीतच. आडवा ओरखडा एकही ठेवायचा नाही, कारण आडवा ओरखडा म्हणजे तड्याचं बी. भोकांच्या कडांची बर काढून चॅम्फर. आणि पेंट नाही. पेंट लावला की तडा दिसत नाही.

मग उजवी प्लेट एका लोखंडी चॅनलला बोल्टनं बसवली आणि फूटपेगला सिमेंटची तीन पोती टांगली. १५० किलो. रात्रभर. सकाळी व्हर्नियर लावला, वाक नाही. यानं फटीग कळत नाही, हे लक्षात ठेवा. अगदीच ढोबळ चूक तेवढी बाहेर येते. पण गल्लीतली पोरं बघायला जमली होती आणि मलाच जरा धीर आला.

गिअरच्या लिव्हरचं एक पटकन सांगतो, कारण बरेच जण इथं गंडतात. जोडदांड्याच्या दोन टोकांना रॉड-एंड असतात, एक उजव्या आट्याचा, एक डाव्या, म्हणजे दांडा फिरवला की लांबी कमी-जास्त होते. लिव्हर आणि दांडा यांच्यात, गिअर न टाकता, साधारण ९० अंशांचा कोन ठेवा. तिरका राहिला तर एका बाजूला गिअर लोण्यासारखा पडतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो, आणि आपण क्लचला शिव्या देतो.

बेली पॅनचं पण विचारलंय. ते वरच्या गोष्टीपेक्षा मजेशीर आहे. इंजिनच्या खालचं टब. शोभेचं नाही ते. इंजिन फुटलं तर ऑइल ट्रॅकवर सांडू नये म्हणून. आंतरराष्ट्रीय सुपरबाइक रेसिंगच्या नियमात तर इंजिनातल्या ऑइल आणि कूलंटच्या एकूण मापाच्या निम्मं तरी त्यात मावायला हवं असं आहे. मी फायबरग्लासचं करायचं ठरवलं. साच्यासाठी टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल कोरला, सुंदर आकार आला, वरून पॉलिएस्टर रेझिन ओतलं आणि थर्माकोल माझ्या डोळ्यांदेखत विरघळला. लोणी तव्यावर टाकावं तसा. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खातं. मग गंगावेशीतल्या कुंभारगल्लीत गेलो, एका मूर्तिकार काकांना विचारलं. ते हसले आणि म्हणाले, "आम्ही गणपती काय हवेत करतो होय?" शाडूत आकार, त्यावर प्लास्टरचा साचा, साच्याला मेणाचे चार-पाच हात, मग मॅट आणि रेझिन. पहिल्याच झटक्यात निघालं.

पण एक इशारा. दुकानात रेझिनबरोबर दोन बाटल्या देतात, एक जांभळट कोबाल्ट आणि एक पाण्यासारखा हार्डनर. या दोन्ही एकमेकांत थेट कधीही मिसळायच्या नाहीत. पेट घेतं, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये टाकून पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर, साधारण एक ते दोन टक्के. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल. गच्चीवर करा, घरात नाही. आमच्या वरच्या काकूंनी दोन दिवस तोंडाला पदर लावून माझ्याकडं बघितलं.

आणि काय घरी करत नाही, ते. हँडलचे क्लिप-ऑन करत नाही. ब्रेकचं काहीच करत नाही, कॅलिपरचं ब्रॅकेटसुद्धा नाही. ॲक्सल नाही. लोक म्हणतात, रिअरसेट जमला तर तेही जमेल. जमेलही. मी करणार नाही. आणि हे सगळं फक्त ट्रॅकच्या गाडीला, टेम्पोतून जाणाऱ्या. रस्त्यावरच्या गाडीत कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे. पोलिसांनी पकडलं तर मला मेसेज करू नका.

बर्ट मन्रोचं नाव काही जणांनी घेतलंय. न्यूझीलंडच्या इनव्हरकार्गिलचा. १९२० सालची इंडियन स्काउट घेऊन शेडमध्ये स्वतः पिस्टन ओतायचा, डब्यांचे साचे करून. १९६७ मध्ये, वयाच्या ६८ व्या वर्षी, अमेरिकेतल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर ताशी १८४ मैलांचा विक्रम केला. त्याच्यावर २००५ मध्ये सिनेमाही आला. मला त्याची एक गोष्ट आवडते. त्यानं आपले फुटलेले, तुटलेले सगळे पार्ट शेडमधल्या फळीवर मांडून ठेवले होते, आणि वर लिहिलं होतं, वेगाच्या देवाला अर्पण. मी पण माझे दोन तुकडे फळीवर ठेवले होते. मावसभावानं बघितले आणि म्हणाला, "दादा, हे अर्पण माझ्या पायाचं आहे, तुझं नाही." उतरवून ठेवले. आता ते पप्पांच्या ड्रॉवरमध्ये आहेत.

तो आता परत पळतोय. वयाची मर्यादा आहे, पुढच्या भरतीची वाट बघतोय, वेळ आधीसारखी येत नाही अजून, सोळाशेला वीस-बावीस सेकंद जास्त लागतात. गाडीवर तो बसत नाही. पण प्रत्येक ट्रॅक डे नंतर तपासणीला तोच येतो. तीन स्प्रे असतात. पहिल्यानं प्लेट स्वच्छ करायची, दुसरा लाल रंगाचा, तो तड्यात शिरतो, दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसून काढायचा, मग तिसरा पांढरा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. तो हे इतक्या सावकाश करतो की मला राग येतो.

गेल्या रविवारी उजव्या प्लेटवर, भोकाच्या कडेला, केसाएवढी लाल रेघ दिसली. मी म्हटलं, ओरखडा आहे. परत स्वच्छ केलं, परत स्प्रे मारला. दुसऱ्यांदा दिसली नाही. मी भिंग लावून दोनदा बघितलं, पप्पांनी बघितलं. ओरखडाच होता. त्यानं प्लेट हातात घेतली, उलटसुलट बघितली, आणि गाडीला लावायला परत दिली नाही. म्हणाला, "नवीन कर."

तर ती नवीन प्लेट आता व्हाइसमध्ये लावलेली आहे, भोकं पाडून झालीत, कानस बाकी आहे. लॉक वायरबद्दल ज्यांनी विचारलंय, ड्रेन बोल्टच्या डोक्यात दीड मिलिमीटरचं भोक ड्रिल न मोडता कसं पाडायचं, ते पुढच्या भागात. माझी आत्तापर्यंत सात ड्रिल मोडलीत, त्यामुळं बोलायला भरपूर आहे. चला, येतो.